जगदेवचा ठसका

केनवडात स्वयंपाकघरातली चिमणी नीट दुरुस्त झाली की नाही, हे जगदेव गावंडेला ठसका लागतो की नाही यावरून ठरायचं.

पद्धत अशी. ओट्यावरची चिमणी खाली घेऊन, धुऊन, गरज असेल तर तिची मोटर नव्यानं भरून जगदेव ती पुन्हा भिंतीला टांगायचा. साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचा. मग घरातल्या बाईला सांगायचा, "आता ठेचा करा." सहा हिरव्या मिरच्या, त्याही लवंगी, लोखंडी तव्यावर, थेंबभर तेलात, झाकण न ठेवता. चिमणी चालू. जगदेव ओट्यापासून दोन पावलांवर, हात पाठीमागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा उभा. मिरच्यांना काळे फोड येईपर्यंत त्याला ठसका लागला नाही, तर चिमणी पास. लागला, तर तो पुन्हा स्टूल ओढायचा. पास झालेल्या घरी त्याच तव्यावरचा ठेचा भाकरीबरोबर खाऊन निघायचा. नापास घरी तो पाणीही पीत नसे.

बारा वर्षांत या परीक्षेवर कोणी हरकत घेतली नव्हती. रिसोडला एक नवा मिस्त्री होता. तो चिमणीच्या जाळीला खालून कागद लावून बघायचा. कागद चिकटला तर ओढ बरोबर. जगदेवला हा पोरखेळ वाटे. "कागदाले तिखट लागते काय?" असा त्याचा सवाल होता. वाद तिथंच संपत असे.

जगदेवचं मूळ दुकान मोटरी भरायचं, बाजाराच्या रस्त्याला. जळालेल्या मोटरीतली काळी तार काढायची, नवी तांब्याची तार वेटोळी करून बसवायची, वार्निश पाजायचं, वाळवायचं. घरची नऊ एकर त्यानं तरुणपणीच धाकट्या भावाच्या हवाली केली, कारण त्याला बैलांची भीती वाटायची. शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट उघड सांगता येत नाही, म्हणून त्यानं 'मले इलेक्ट्रिकची आवड हाये' असं सांगून वाशिम गाठलं आणि खरोखरच आवड लावून घेतली. आता साठीला दोन वर्षं कमी होती. पंचक्रोशीतल्या अर्ध्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी त्याच्या हातच्या तारेवर वर येत होतं.

चिमण्या नंतर आल्या. गावात स्लॅबची घरं वाढली, सोयरिकी शहरांत होऊ लागल्या, आणि सुनांच्या मागोमाग ओट्यावर काळ्या काचेच्या चिमण्या दिसू लागल्या. पहिली बंद पडली तेव्हा जगदेवनं ती उघडून पाहिली आणि म्हणाला, "हे तं कुलरच्या मोटरीची लहानी बहीण हाये." तेव्हापासून त्या नात्यानं तो त्यांची काळजी घेत होता.

काळजी घ्यायला वाव भरपूर होता. डब्यावर 'ऑटो क्लीन' असं छापलेलं असतं, आणि त्यावर गावाची पूर्ण श्रद्धा होती. चिमणी स्वतःच स्वतःला धुते म्हटल्यावर माणसानं मध्ये का पडावं? जगदेव घसा कोरडा होईपर्यंत सांगायचा की बाई, ते बटण दाबावं लागते. दाबलं तरी आतल्या पंख्याचा चिकटा जात नाही. वर्षातून एकदा तरी मले बोलवा. एका घरी त्याचं बोलणं जास्तच मनावर घेतलं गेलं. त्यांनी ॲल्युमिनियमची जाळी कॉस्टिक सोड्याच्या बादलीत रात्रभर भिजत घातली. सकाळी बादलीत काळं पाणी होतं आणि जाळीची फक्त चौकट उरली होती. "चकाचक झाली," असा शेरा मारून जगदेव त्या घरून निघाला होता.

सोजरबाईंच्या घरची गोष्ट मात्र वेगळी होती.

सोजरबाई एकोणसत्तर वर्षांच्या, दम्याच्या. वाशिमच्या डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, धूर बंद, फोडणीसमोर उभं राहायचं नाही. नव्या घरात खिडकीच्या जागी कपाटं आलेली, त्यामुळे धुराला बाहेर जायला वाट नव्हती. सून प्रियदर्शनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिनं स्वतःच्या पगारातून चिमणी आणली आणि सासूला अट घातली, चिमणी चालू असेल तरच ओट्याशी यायचं. सोजरबाईंनी अट पाळली. इतकंच नव्हे, चिमणीखालच्या वाटीत साचणारं तेल वाया जाताना त्यांना बघवेना, म्हणून दर पंधरा दिवसांनी ती वाटी नेऊन त्या बैलबंडीच्या चाकांना वंगण करायच्या. परिणामी त्या घरची वाटी गावात सगळ्यांत स्वच्छ होती, बंडी मुळीच कुरकुरत नव्हती, आणि चिमणीचं पोट मात्र तीन वर्षांत कोणी उघडून पाहिलं नव्हतं.

महालक्ष्म्यांना बारा दिवस राहिले असताना चिमणीनं एकदा गुरगुर केली, जळका वास सोडला आणि ती गप्प झाली.

त्याच संध्याकाळी सोजरबाईंची खुर्ची स्वयंपाकघरातून ओसरीवर आली. भांडण झालं नाही. प्रियदर्शनी सासूचा दम्याचा पंप स्वतःच्या पर्समध्ये ठेवणारी सून होती. तिच्याशी भांडायला सोजरबाईंना जागाच सापडत नसे. पण सेहेचाळीस वर्षं त्या घरातल्या महालक्ष्म्यांचा नैवेद्य सोजरबाईंनी केला होता. पुरण, वडे, भजी, कढी, सोळा भाज्या, आंबील. दोन बाळंतपणं आणि एक मोडलेला हात मध्ये येऊनही त्यात खंड पडला नव्हता.

"आई, यंदा चंदाबाईंना सांगते मी," प्रियदर्शनी म्हणाली. चंदाबाई गावातल्या लग्नकार्यांत स्वयंपाक करायच्या.

"चंदाबाई पुरणात जायफळ टाकते."

"नको टाकू म्हणून सांगू."

"सांगून ऐकणारी हाये काय थे? तिले बोलावलं तं त्या दिवशी मी माहेरी जाईन."

"माहेरी कोण आहे आता, आई?"

"म्हणूनच तं," सोजरबाई म्हणाल्या.

प्रियदर्शनीनं कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं फार अदबीनं सांगितलं की हे मॉडेल बंद झालं आहे, सुटे भाग येत नाहीत, शिवाय आपल्या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही. नवी चिमणी मात्र त्याच पिनकोडवर उपलब्ध होती. ती बसवणारा माणूस तीन आठवड्यांनी येणार होता. "आणखी काही मदत करू शकते का?" असं तिनं शेवटी विचारलं. ओसरीवरून सोजरबाई म्हणाल्या, "तिले म्हणा, आंबील ढवळाले ये." आणि मग, "जगदेवले बोलाव व."

जगदेव आला. चिमणी खाली घेतली, पाठ उघडली. आत तीन वर्षांचं तेल काकवीसारखं घट्ट झालं होतं. त्या चिकट्यानं ब्लोअरचा पंखा जड झालेला. हा पंखा घरातल्या पंख्यासारखा तीन पात्यांचा नसतो. उभ्या पट्ट्यांचा, गोल पिंजऱ्यासारखा असतो. तो ओढता ओढता मोटर जळली होती, आणि पंख्याचा मधला तुंबा तडकला होता.

"मोटर म्या भरतो, काकू," जगदेव म्हणाला. "पण हा पंखा काई भरता येत नाई. हा कोठून तरी आणा लागन."

"कोठून?"

"थेच पायतो."

"जगदेव," सोजरबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "महालक्ष्म्याच्या आंधी होईन न?"

बैलांना भिणारा माणूस सहसा मोठी आश्वासनं देत नाही. पण समोर खुर्चीत बसलेल्या बाईनं त्याच्या आईच्या तेरवीचा स्वयंपाक एकटीनं केला होता. "होते म्हणजे? म्या हावो न," जगदेव म्हणाला, आणि तडकलेला पंखा पिशवीत घालून निघाला.

रिसोडला पंखा मिळाला नाही. वाशिमला चार दुकानं झाली. एकानं नव्या चिमणीचं रंगीत पत्रक दिलं, दुसऱ्यानं पत्रक आणि पेन दिलं. चौथ्यानं पंखा हातात घेऊन उलटासुलटा केला आणि "असे आता येत नाहीत" असं सांगितलं. ते जगदेवला माहीतच होतं. येत असते तर तो पिशवी घेऊन हिंडला कशाला असता? दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून, मंगरूळपीरवरून तो कारंजाला पोचला, उदयसिंगच्या भंगाराच्या आवारात.

उदयसिंग त्याचा पंचवीस वर्षांचा दोस्त. त्याच्या आवारात मशिनी कंपनीच्या नावानं नव्हे, मालकाच्या नावानं ओळखल्या जात. तिकडे देशमुखाचा फ्रिज, इकडे कापसाच्या जिनातला वजनकाटा, भिंतीला टेकून कुठल्याशा डॉक्टरची खुर्ची.

"आओ, इंजिनियर साहेब," उदयसिंग म्हणाला. "कोणाले जिवंत कराले निंगाले?"

जगदेवनं पंखा काढून दाखवला.

"हा? हा तं होस्टेलच्या मेसचा हाये."

"मेसचा नाई, केनवडचा हाये."

"अबे, याचा भाऊ मेसचा हाये. थांब." उदयसिंगनं दोन कुलर आणि एक लोखंडी पलंग बाजूला केला. मागून तसलीच चिमणी निघाली. काच फुटलेली, मोटर कोणीतरी काढून नेलेली, पण आतला पंखा शाबूत होता. "पोट्ट्याइनं वर्षभर अंडे तळले खाली. पाय, किती तेल पेला."

जगदेवनं नवा पंखा आणि जुना पंखा शेजारी धरले. पट्ट्यांचा बाक एकाच बाजूला आहे ना, हे बोट फिरवून दोनदा तपासलं. उलट्या बाकाचा पंखा बसला तर सगळं मुसळ केरात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तुंब्याचं भोक खिळ्यानं मापलं. जमलं.

"काय घेतो याचे?"

"तुह्याकडून काय घ्यावं? हे कुलरची मोटर घेऊन जाय. भरून धाडून दे. उन्हाळ्याच्या आंधी धाडजो, मागच्यावानी दिवाळीत नोको."

परतीच्या एसटीत पंखा मांडीवर होता. मंगरूळपीरला चढलेल्या एका म्हातारीनं तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "यानं काय चाळता, बाप्पा?"

"धूर," जगदेव म्हणाला. तिला ते पटल्यासारखं दिसलं.

महालक्ष्म्यांना पाच दिवस राहिले तेव्हा चिमणी पुन्हा भिंतीवर चढली. मोटर घाईत भरली होती, पण तार चांगली, वार्निश दोनदा पाजलेलं. बटण दाबलं, आवाज भरदार आला. जगदेवनं कोपरापर्यंत हात धुतले.

"ठेचा करा," तो म्हणाला.

प्रियदर्शनीनं तवा ठेवला. सोजरबाई दारातच उभ्या राहिल्या, चौकटीला धरून. आत यायची परवानगी निकाल लागल्यावर मिळणार होती. मिरच्या तव्यात पडल्या, तडतडल्या, फुगल्या. जगदेव हात पाठीमागे बांधून उभा. चिमणी गुणगुणत होती. मिरच्यांवर पहिला काळा फोड आला, मग सगळ्या काळवंडल्या. जगदेवचा घसा शांत होता. नाक शांत होतं. त्याला फार समाधान वाटलं.

"पास," तो म्हणाला, आणि मागे वळला.

दारात सोजरबाई नव्हत्या. ओसरीवरून खोकल्याचा आवाज येत होता, एकामागून एक, थांबायला तयार नसलेला. प्रियदर्शनी गॅस बंद करून पदर नाकाला लावून बाहेर धावली. तिचे डोळे लाल झालेले, गालांवर पाणी. जगदेव एकटाच स्वयंपाकघरात राहिला. समोरच्या ट्यूबलाइटभोवती निळसर धूर फिरत होता. तो त्याला दिसत होता. फक्त दिसतच होता.

पंप दोनदा ओढल्यावर सोजरबाईंचा श्वास जाग्यावर आला. प्रियदर्शनी परत येऊन दारात थांबली.

"काका, तुम्हाला खरंच काही होत नाही?"

"काय व्हावं?"

अंगणात जाऊन तिनं फोन लावला. "हो, चंदाबाई, पक्कं समजा," एवढं आत ऐकू आलं. ओसरीवर सोजरबाईंनीही ते ऐकलं. त्या जगदेवला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बस रे बाप्पा, आठ दिवसापासून धावून राह्यला. पाणी पे."

नापास घरी पाणी प्यायचं नाही, हा नियम जगदेवचा स्वतःचाच होता. तो निघाला.

घरी वैजयंती भाजी निवडत बसली होती. पस्तीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याच्या पावलांवरून मोटर कितपत जळाली आहे ते ओळखायची.

"मिरच्या भाज," जगदेव म्हणाला.

"भर दुपारी?"

"भाज म्हनलं न."

त्यांच्या स्वतःच्या घरी चिमणी नव्हती. वैजयंतीनं तवा ठेवला, सहा मिरच्या टाकल्या, आणि दुसरा फोड येण्याआधीच तोंडाला पदर लावून मागच्या अंगणात पळाली. शेजारून भुरीबाई ओरडली, "काय व वैजी, जीव घेतं काय आमचा?" पलीकडच्या घरी कोणीतरी सलग शिंकू लागलं. जगदेव घरात तव्यासमोर हात पाठीमागे बांधून उभा होता. मिरच्या काळ्या झाल्या, मग कोळसा झाल्या. त्याच्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता.

वैजयंतीनं येऊन गॅस बंद केला आणि दारंखिडक्या उघडल्या.

"तुले माहीत होतं," जगदेव म्हणाला.

"दीड वर्षापासून."

"कसं?"

"दूध तीनदा करपलं, तुमी चहा पेऊन मस्त झाला म्हनले. मागच्या सालच्या पावसात दुकानात उंदीर मेला होता. अख्खी गल्ली नाक धरून चालत होती, अन् तुमी त्याच्यापाशी बसून डबा खाल्ला."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगून काय करता? नाक काय मोटर हाये, भरून मिळाले?" ती खाली बसली आणि पुन्हा भाजी निवडू लागली. "अन् तुमचं तं सारं काम त्या ठसक्यावर. वार्निशनं नाक गेलं अन् मिरच्याइनं घसा निबर केला. लोकाइच्या घरी वाफ घेऊ घेऊ संपवला तुमी थो ठसका."

आपल्या हातातलं सगळ्यात भरवशाचं हत्यार वापरून वापरून बोथट झालं, आणि वर्षातून एकदा तरी ते उघडून पाहा असं आपल्याला कोणी सांगितलं नाही, हे त्याच्या लक्षात येत होतं. चिमणीवाल्या घरांना तो हेच सांगत आला होता.

"पण चिमणीत बिघाड काय हाये?" तो शेवटी म्हणाला. "पंखा बरोबर, मोटर बरोबर, आवाज बरोबर."

"थे मले काय इचारता? बोअरचं पाणी कमी आलं तं तुमी पैल्यांदा काय पायता?"

जगदेवनं तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरचं ऑगस्टचं पान टरकन फाडलं. महिना अजून संपायचा होता.

"अहो, त्याच्यावर दुधाचा हिशोब हाये!"

तो रस्त्यावर पोचला होता.

सोजरबाईंच्या घरी तो सरळ ओट्याशी गेला. चिमणी चालू केली आणि ऑगस्टचं पान खालून जाळीला लावलं. पान क्षणभर थरथरलं आणि गळून ओट्यावर पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. त्यानं चिमणी बंद केली, जाळी काढली, बॅटरी मारून आत पाहिलं. पंख्याच्या घरावर कंपनीनं एक बाण कोरलेला होता. पंखा कुठल्या बाजूनं फिरला पाहिजे ते दाखवणारा. जगदेवनं बटण टकटक करून पंखा जरासा हलवला.

पंखा बाणाच्या उलट्या दिशेनं निघाला.

तो स्टुलावरच बसला. बोअरची मोटर उलटी फिरली तरी पाणी येतं, पण रडत येतं. हे त्यानं आजवर हजार शेतकऱ्यांना समजावलं होतं. चिमणीचंही तसंच. पंखा उलटा फिरला तरी हवा बाहेरच जाते, आवाजही करते, फक्त ओढ तिसऱ्या हिश्शावर येते. वेटोळ्याची दोन टोकं त्यानं घाईत अदलाबदल जोडली होती. पंख्याचा बाक कारंजात दोनदा तपासणाऱ्या माणसानं मोटरीची दिशा एकदाही पाहिली नव्हती. ती पाहायची त्याला सवयच नव्हती. दिशा चुकली तर ठसका सांगायचा.

"सूनबाई," त्यानं हाक मारली. प्रियदर्शनी दारात आली. "चूक माही हाये. मोटर म्या उलटी जोडली."

"तुम्ही?"

"म्या. अन् अजून एक. मले ठसका लागत नाई. दीड वर्षापासून."

प्रियदर्शनी शिक्षिका होती. चूक कबूल करणाऱ्यांचं काय करायचं, हे तिला शिकवलेलं असावं. ती म्हणाली, "चहा ठेवू का?"

"पास झाल्यावर."

दोन तारा सुटल्या, दोन तारा जुळल्या. या वेळी पंखा बाणाबरोबर फिरला. जगदेवनं पान जाळीच्या जवळ नेलं, आणि ते त्याच्या हातातून सुटून चट्टदिशी वर जाऊन बसलं. पौर्णिमा, संकष्टी आणि वैजयंतीचं दूध, सगळं जाळीला घट्ट चिकटून राहिलं. रिसोडच्या मिस्त्रीची त्याला आठवण आली. ती त्यानं लगेच बाजूला सारली.

"कागद झाला," तो म्हणाला. "आता ठेचा. काकू, तुमी करा."

"आईंना नको," प्रियदर्शनी पुढे आली. "आत्ताच पंप..."

"सूनबाई, माहं नाक गेलं. काकूचं नाक जितं हाये. तू गॅसच्या बटणापाशी उभी राय. त्याहिले जराक जरी लागलं तं बंद कर, अन् मंग चंदाबाईचं जायफळ."

सोजरबाई केव्हाच आत आल्या होत्या. त्यांनी तवा पुसला, तेलाचा थेंब टाकला, मिरच्या सोडल्या. चिमणी भरून आवाज करत होती. मिरच्या तडतडल्या, आणि वर उठलेला धूर अर्ध्या वाटेवर वाकून सरळ जाळीत शिरला. प्रियदर्शनीचा हात बटणावर. जगदेव या वेळी मिरच्यांकडे बघत नव्हता. सोजरबाईंच्या गळ्याकडे बघत होता. पहिला फोड आला. दुसरा आला. सोजरबाईंनी मिरच्या उलटल्या. मग त्या थांबल्या, तोंड किंचित उघडलं, आणि जगदेवनं श्वास रोखला.

"मीठ कोठं ठेवलं व तू?" सोजरबाई सुनेवर कडाडल्या. "आठ दिवस बाहीर काय बसली मी, डबे सारे इकडचे तिकडे!"

त्या दिवशी जगदेवनं त्या घरी ठेचा खाल्ला, चहा घेतला, आणि दोन पेले पाणीही. चंदाबाईंना प्रियदर्शनीनं फोन करून यंदा राहू द्या म्हटलं. चंदाबाईंनी कारण विचारलं तेव्हा तिनं जायफळाचा उल्लेख टाळला.

पुढचे तीन दिवस जगदेव पाठीला पिशवी लावून गावात फिरला. गेल्या दीड वर्षात त्यानं पास केलेल्या चौदा चिमण्या होत्या. प्रत्येक घरी जाऊन त्यानं ऑगस्टचं ते तेलकट पान जाळीला लावलं. अकरा ठिकाणी चिकटलं, तीन ठिकाणी नाही. त्या तिन्ही घरच्या बायकांना धुराचा त्रास होतच होता. पण जगदेवभाऊनं पास केली म्हणजे आपलाच घसा नाजूक, असं समजून त्यांनी तक्रार केली नव्हती. एक तर खोकल्याचं औषध आणायला दोनदा वाशिमला जाऊन आली होती. जगदेवनं तिन्ही चिमण्या उतरवल्या आणि तिघींना, बायकोलाही कधी म्हटलं नसेल अशा स्वरात, "चुकलं माहं" म्हटलं.

ठेच्याची परीक्षा त्यानं सोडली नाही. फक्त आता दोन पावलांवर घरातली बाई उभी राहते आणि मिरच्या जगदेव भाजतो.

महालक्ष्म्यांच्या दिवशी सोजरबाईंच्या घरी त्याला आणि वैजयंतीला जेवायचं आमंत्रण होतं. मखरात महालक्ष्म्या, समोर सोळा भाज्या, पुरण, वडे, भजी. पहाटेपासून चिमणी चालू होती आणि सोजरबाई तिच्याखालून हलल्या नव्हत्या. प्रियदर्शनीच्या पर्समधला पंप पर्समध्येच राहिला होता. वाटीत साचलेलं तेल पवननं, म्हणजे सोजरबाईंच्या मुलानं, बंडीकडे न्यायला घेतलं, तेव्हा सोजरबाईंनी त्याला आधी चिमणीचं पोट पुन्हा कधी धुवायचं ते जगदेवला विचारून ये म्हणून धाडलं.

पंगतीत त्या स्वतः वाढायला आल्या. जगदेवच्या द्रोणात आंबील ओतली आणि समोरच उभ्या राहिल्या.

जगदेवनं घोट घेतला. "फर्मास झाली, काकू."

"वास तं येत नाई तुले. मंग कशावरून म्हनतं?"

जगदेवनं द्रोण खाली ठेवला आणि विचार केला.

"सकाळपासून तुमी एकदाही खोकलल्या नाई," तो म्हणाला. "त्याच्यावरून."

सोजरबाईंनी त्याचा द्रोण पुन्हा काठोकाठ भरला. शेजारी वैजयंती पदरात तोंड लपवून हसत होती.